वहिनी आधी, मुजरा नंतर

पाकिस्तानी उर्दू चित्रपटाचा पहिला मोठा नायक संतोषकुमार या नावाने ओळखला जाई. खरं नाव सय्यद मूसा रझा. पडद्यासाठी घेतलेलं नाव त्याने लाहोरच्या चित्रसृष्टीतही बदललं नाही आणि तिथल्या प्रेक्षकांनीही त्याला ते बदलायला लावलं नाही. 1950 सालचा ‘दो आँसू’ हा पाकिस्तानात रौप्यमहोत्सव करणारा पहिला उर्दू चित्रपट. त्यात संतोषकुमारबरोबर सबीहा खानम होती. पुढे दोघांनी पडद्यावर अनेकदा प्रेम केलं, पडद्याबाहेर लग्न केलं, आणि बघता बघता हे जोडपं प्रेक्षकांना आपल्याच नात्यातलं वाटायला लागलं.

ही माहिती जुन्या दिवाळी अंकातल्या चौकटीत शोभेल अशी आहे. पटकथा लिहिणाऱ्याला मात्र ती एका चित्रपटाच्या पायाची माहिती वाटते. 1970 साली हसन तारिक यांनी ‘अंजुमन’ काढला. त्यात थोरल्या भावाच्या भूमिकेत संतोषकुमार आणि त्याच्या बायकोच्या भूमिकेत सबीहा. थोरला भाऊ कोठ्यावरच्या अंजुमनच्या नादी लागलाय आणि घरी बायको झुरतेय. हे लिहायला किती अवघड असतं ते मालिका लिहिणाऱ्याला विचारावं. या दोघांचं एकेकाळी एकमेकांवर जीव जाईल इतकं प्रेम होतं, हे सांगायला दोन फ्लॅशबॅक लागतात, एक जुना फोटो लागतो, पुस्तकात ठेवलेलं फूल लागतं, आणि एवढं करूनही प्रेक्षकाला ते पटेलच असं नाही. हसन तारिकना यातलं काही करावं लागलं नाही. वीस वर्षांचं प्रेम प्रेक्षक तिकिटाबरोबर घेऊनच आत शिरले होते.

धाकट्या भावाचंही तसंच. वहिनीला आईच्या जागी मानणारा दीर म्हणजे वहीद मुराद. 1966 च्या ‘अरमान’ने पाकिस्तानातला पहिला प्लॅटिनम ज्युबिली चित्रपट म्हणून नाव कमावलं होतं, त्याचा नायक वहीद आणि निर्माताही वहीदच. पण ‘अंजुमन’च्या दृष्टीने त्याचा महत्त्वाचा चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षीचा, 1967 चा ‘देवर भाभी’. दिग्दर्शक हेच हसन तारिक. त्यात वहीद होता, सबीहा होती आणि पुढे ‘अंजुमन’मध्ये अंजुमन झालेली राणीही होती. म्हणजे ‘अंजुमन’मध्ये वहीद सबीहाला ‘भाभी’ म्हणून हाक मारतो तेव्हा थिएटरमधल्या लोकांना ती हाक नवी नव्हती. ते नातं आधीच बांधून, वाळवून, पक्कं झालं होतं.

आता गोष्ट. थोरल्या भावाला कोठ्यापासून सोडवायचं म्हणून धाकटा स्वतः अंजुमनकडे जातो. ती या मुलाच्या प्रेमात पडते. थोरल्याला ती सोडून देते, पण त्याच्या बदल्यात धाकट्याची सोबत मागते. वहिनीचा संसार वाचतो आणि दिराचं नाव बदनाम होतं. ज्या मुलीवर त्याचा जीव आहे तिच्याशी लग्न व्हायची वेळ येते तेव्हा अंजुमन विष घेऊन त्याच्या लग्नात नाचते. राणीचा हा शेवटचा नाच ज्यांनी पाहिला ते चित्रपटातलं बाकी सगळं विसरतात. इथेच रिमेक करणाऱ्यांसाठी सापळा लागलेला आहे.

2013 मध्ये पाकिस्तानात जुन्या गाजलेल्या उर्दू चित्रपटांवरून टीव्हीसाठी टेलिफिल्म करण्याची एक लाट आली. ‘अरमान’ फवाद खान आणि आमिना शेख यांना घेऊन झाला. ‘हमसफर’चे दिग्दर्शक सरमद खूसट यांनी 1977 चा ‘आईना’ केला. ‘अंजुमन’ यासिर नवाझ यांच्याकडे आला. दिराच्या भूमिकेत इम्रान अब्बास, आणि शीर्षक भूमिकेत सारा लोरेन, म्हणजे आपल्याकडे त्याच वर्षी ‘मर्डर 3’मध्ये दिसलेली. कथेचा सांगाडा तोच, नावही तेच. वहीद मुराद जाऊन तेव्हा तीस वर्षं होत होती, राणी जाऊन वीस. आठवण काढायला निमित्त चांगलं होतं.

आणि निराशा झाली. टेलिफिल्म वाईट आहे असं सरसकट म्हणता येत नाही, आणि अडचण तीच आहे. वाईट चित्रपट पाहून माणूस हसून मोकळा होतो. इथे कपडे नीट आहेत, प्रकाश नीट आहे, इम्रान अब्बास देखणा आहे (तो इतका देखणा आहे की त्याच्यावर संकट आलंय हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो), सारा लोरेनने मेहनत घेतलेली दिसते. तरी धाकटा जेव्हा वहिनीसाठी स्वतःच्या नावावर पाणी सोडतो तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं, याला एवढी काय पडली आहे?

हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला की कौटुंबिक चित्रपट संपला. पुढे कितीही रडारड होवो.

प्रस्तुत लेखक मराठी वाहिन्यांसाठी पटकथा लिहितो, त्यामुळे त्याला या प्रश्नाचा उगम दुसऱ्यांच्या चुकीत शोधण्यापेक्षा धंद्याच्या रीतीत शोधायची सवय आहे. पटकथेच्या बैठकीत ‘वन-लाइन’ वाचून दाखवतात. प्रत्येक सीन एका ओळीत. आणि प्रत्येक ओळीला समोरून एकच सवाल येतो: ‘सीनमध्ये घडतं काय?’ प्रश्न रास्त आहे. ज्यात काही घडत नाही तो सीन कशाला शूट करायचा? पैसे लागतात, दिवस लागतो. पण नाती ज्या सीनमध्ये तयार होतात त्यांत बहुतेक वेळा काही घडत नाही. दीर उशिरा घरी येतो, वहिनी न विचारता ताट झाकून ठेवते, तो झाकण काढून नाक मुरडतो, ती म्हणते मग बाहेर जाऊन जेव. संपला सीन. वन-लाइनमध्ये याची ओळ काय लिहिणार? ‘दीर जेवतो.’ बैठकीत पहिली कात्री याच ओळीवर चालते.

आणि रिमेकमध्ये ती जास्तच सहज चालते. कारण मूळ चित्रपट सगळ्यांना आठवत असतो, आणि आठवतात ती शिखरं. कोठ्यावरची पहिली भेट, सौदा, बदनामी, लग्न, विष, नाच. रिमेक करणारा बसतो आणि ही शिखरं एकापुढे एक मांडतो. जुन्या चित्रपटाची लांबी टीव्हीच्या वेळेत बसवायची, मधे जाहिराती, म्हणजे काहीतरी जाणारच. जे आठवत नाही ते आधी जातं. नेमकं तिथेच वहिनी असते.

इथे टीव्हीचा आणखी एक हिशोब आहे. थिएटरमधला प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो. पहिली वीस मिनिटं घरात कोण कुठे बसतं, कोण कोणाला काय म्हणतं एवढंच दाखवलं तरी तो उठून जात नाही. टीव्हीच्या प्रेक्षकाच्या हातात रिमोट असतो. म्हणून पहिल्या ब्रेकच्या आत काहीतरी ठोस हवं, आणि ब्रेकला जाताना एक टांगलेला प्रश्न हवा. या रीतीने लिहायला बसलं की पहिल्या ब्रेकच्या आत कोठा आलाच पाहिजे. म्हणजे घर दिसायच्या आधी घराबाहेरची बाई दिसते. मग घर दिसतं तेव्हा ते फक्त तिची अडचण म्हणून दिसतं. प्रेक्षकाचं मन अंजुमनकडे गेलेलं असतं आणि वहिनी म्हणजे मधे येणारी, सतत डोळ्यांत पाणी असलेली एक बाई होऊन बसते. 1970 च्या प्रेक्षकाला ही अडचण नव्हती, कारण त्याच्या लेखी सबीहा आधी आली होती. चित्रपटाच्याही आधी.

सबीहाबद्दल लिहायचं तर ती ‘अंजुमन’मध्ये नायिका नाही. पोस्टरवर तिचं स्थान दुय्यम. वयाने ती तेव्हा तिशीच्या पलीकडची, नायिकेच्या भूमिकांमधून चरित्र भूमिकांकडे वळलेली. हसन तारिकनी तिला मोठी भाषणं द्यायची गरज नव्हती. संतोषकुमार समोर असला की ती नुसती बसली तरी बाकीचं प्रेक्षक भरून काढत. लेखकाला अशा नटांचा हेवा वाटतो. न लिहिलेले संवाद ते फुकट बोलून जातात.

राणीचंही मूळ सांगण्यासारखं आहे. तिचं खरं नाव नासिरा. तिला वाढवलं मुख्तार बेगम यांनी, म्हणजे गायिका फरीदा खानम यांच्या थोरल्या बहिणीने. नाटककार आगा हश्र काश्मिरी यांच्याशी मुख्तार बेगमचं नाव जोडलेलं, पारशी नाटकांच्या काळात कलकत्त्यात गाजलेली बाई ती. राणीचे वडील त्यांच्याकडे ड्रायव्हर होते. म्हणजे अंजुमन पान कसं देते, मान कशी वळवते, आदर दाखवताना अपमान कसा करते, यातलं बरंचसं राणी सेटवर शिकलेली नव्हती. 2013 च्या नटीला ते सेटवरच शिकावं लागलं आणि ते तिने शिकल्यासारखंच केलं. यात तिचा दोष शोधायला गेलं तर अन्याय होईल. ज्या घरांमधून तो अदब यायचा ती घरं मधल्या काळात संपली होती.

खरं तर 1970 चा ‘अंजुमन’सुद्धा पूर्ण अस्सल नव्हता. त्यातले नवाब, त्यांची भाषा, त्यांचे दिवाणखाने हे लखनौच्या आठवणीवर उभं केलेलं जग होतं. लाहोरच्या स्टुडिओत, पंजाबी बोलणाऱ्या शहराच्या मधोमध, फाळणीत मागे राहिलेल्या एका संस्कृतीचा सेट. पण ती आठवण असणारी माणसं तेव्हा जिवंत होती, प्रेक्षकांत बसलेली होती, चित्रपट बनवणाऱ्यांतही होती. चव चुकली तर सांगणारं कोणी होतं. 2013 ला त्या आठवणीची आठवण उरली होती, तीही व्हिडिओ कॅसेटवरची.

मधल्या काळात काय झालं हेही इथे येतंच. 1977 नंतर झिया उल हक यांची राजवट, 1979 चा चित्रपटविषयक कडक वटहुकूम, घरोघरी आलेले व्हीसीआर आणि त्यावर चालणारे मुंबईचे चित्रपट. उर्दू कौटुंबिक चित्रपटाचा प्रेक्षक थिएटर सोडून घरी बसला. थिएटरं पाडून त्यांच्या जागी बाजारसंकुलं उभी राहिली. घराण्याची, नात्यांची गोष्ट सांगायचं काम टीव्हीने उचललं, आणि ते इतकं उत्तम उचललं की 1985 ची ‘तनहाइयाँ’ आणि 1987 ची ‘धूप किनारे’ यांच्या कॅसेट मुंबई-पुण्यातही हातोहात फिरल्या. म्हणून 2013 मध्ये टीव्हीने चित्रपटाचं देणं फेडावं ही कल्पना चुकीची नव्हती. त्याच वर्षी ‘जिंदा भाग’ आणि ‘वार’ आले, चित्रपटगृहांतही पुन्हा जीव येत होता. मूड उत्सवाचा होता. उत्सवात मात्र लोक आरतीला येतात, सामान लावायला येत नाहीत.

‘अंजुमन’च्या संगीतापाशी मराठी वाचकाने थोडं थांबायला हरकत नाही. संगीतकार निसार बझ्मी मूळचे आपल्या खानदेशातले, जळगावजवळच्या नशिराबादचे. मुंबईत ते भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे शिकले. लताबाईंनीही ज्यांच्याकडे शिक्षण घेतलं ते हेच. फाळणीनंतरही बझ्मी मुंबईतच होते, इथल्या चित्रपटांना संगीत देत होते, आणि त्यांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या पोरांमध्ये लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल होते. 1962 मध्ये बझ्मी पाकिस्तानात गेले आणि तिथे पहिल्या रांगेत बसले. ‘अंजुमन’मध्ये त्यांनी विशीही न गाठलेल्या रुना लैलाकडून गाऊन घेतलं. रुना पुढे बांगलादेशात गेली. एका चित्रपटाच्या गाण्यांत जळगाव, लाहोर आणि ढाका एकत्र आलेले आहेत, आणि वर्ष आहे 1970, म्हणजे देशाचे दोन तुकडे व्हायला जेमतेम वर्ष उरलेलं.

गाण्यांचा मुद्दा पटकथेच्या अंगाने असा, की त्या काळी गाणं हे नुसतं आकर्षण नव्हतं. गाण्यात वेळ जायचा. चार-पाच मिनिटं कथा थांबायची आणि त्या थांबण्यात प्रेक्षक पात्रांच्या सोबत नुसता असायचा. नातं मुरायला असा रिकामा वेळ लागतो. रिमेकमध्ये गाणं येतं ते ओळखीचं म्हणून येतं. प्रेक्षक ते ऐकताना पडद्यावरच्या बाईकडे पाहत नाही, तो मूळ गाण्याशी तुलना करत असतो. तुलना करणारा माणूस कोणाच्याही दुःखात शिरत नाही.

गाणं एकटं उचलून नेलं तरी ते चालतंच असं नाही, याचा पुरावा 2018 मध्ये मिळाला. ‘अरमान’मधलं अहमद रुश्दी यांचं ‘को को कोरीना’ कोक स्टुडिओने मोमिना मुस्तहसन आणि अहद रझा मीर यांच्याकडून नव्याने गाऊन घेतलं. लोक इतके भडकले की शिरीन मझारी या केंद्रीय मंत्र्यांनीही जाहीर नाराजी नोंदवली. एका पार्टी गाण्यासाठी मंत्र्याने मैदानात उतरावं, हे वाचून हसू येतं. पण त्या गाण्यामागे लोकांची लग्नं, कॉलेजं, वारलेले भाऊ असं काय काय होतं, हे लक्षात घेतलं की हसू जरा आवरावं लागतं.

रिमेक होऊच नये, असा याचा अर्थ घेतला तर तो उथळ ठरेल. मराठी माणसाकडे तर याच विषयावरचं उलट उदाहरण आहे. य. गो. जोशींच्या कथेवरून शांताराम आठवले यांनी 1953 मध्ये ‘वहिनींच्या बांगड्या’ केला. सुलोचनाबाई वहिनी झाल्या. 1961 मध्ये सदाशिव रावकवी यांनी त्याचा हिंदी ‘भाभी की चूडियाँ’ केला, मीनाकुमारी आणि बलराज साहनी यांना घेऊन. संगीत दोन्हीकडे सुधीर फडक्यांचं. हिंदीत आल्यावर या चित्रपटाच्या मागे सुलोचनाबाईंचं वलय नव्हतं, मराठी घराची ओळखीची मांडणी नव्हती. हिंदी प्रेक्षकासाठी ते नातं नव्याने बांधावंच लागणार होतं. आणि त्यांनी ते बांधलं. पंडित नरेंद्र शर्मांनी लिहिलेलं, लताबाईंनी भूपाच्या वळणावर गायलेलं ते पहाटेचं गाणं आठवून बघा. त्यात गोष्ट तसूभरही पुढे सरकत नाही. एक बाई पहाटे उठून घर जागं करते, एवढंच. वन-लाइनमध्ये याची ओळ होईल ‘सकाळ होते’. पण गाणं संपेपर्यंत घर कोणाचं आहे आणि त्या घरातलं पोर कोणाच्या जिवावर वाढतंय, हे पाहणाऱ्याला कळून चुकतं. मग चित्रपटाच्या उत्तरार्धात तिच्यावर काहीही गुदरलं तरी ‘याला एवढी काय पडली आहे?’ असं कोणी विचारत नाही.

मीनाकुमारीसारखी नटी असली की काम सोपं, असं कोणी म्हणेल. थोडं खरं आहे. पण मीनाकुमारीला सुद्धा रांगोळी काढायला वेळ कोणीतरी लिहून द्यावा लागतो.

टेलिफिल्म हा प्रकारच तोकडा, लांबीच कमी, म्हणून नाती उथळ होतात, हाही युक्तिवाद ऐकू येतो. त्याला उत्तर त्याच 2013 सालात, त्याच देशात आहे. हम टीव्हीवर आलेली ‘बेहद’. रिमेक नव्हे, मूळ लिखाण उमेरा अहमद यांचं, दिग्दर्शन आसिम रझा यांचं. नवरा गेलेली, नोकरी करून मुलगी वाढवणारी आई म्हणजे नादिया जमील. मुलगी सजल अली. आणि दोघींच्या मधे येणारा फवाद खान. या टेलिफिल्मने काय केलं? फवादसारखा हुकमी नट हाताशी असताना आधी आई-मुलीचं जग उभं केलं. दोघींचा विनोद, दोघींचे हट्ट, दोघींनाच कळेल असं बोलणं. त्यामुळे पुढे मुलगी आईचं लग्न मोडायला निघते तेव्हा ती खलनायिका वाटत नाही. तिचं काय हरवतंय ते आपण पाहिलेलं असतं. हाही टीव्हीच होता, इथेही जाहिराती होत्या, रिमोटही होताच. 2014 पासून दोन वर्षं जिंदगी वाहिनीवर पाकिस्तानी मालिका आपल्या घरांत आल्या तेव्हा मराठी बायकांनी उमेरा अहमद यांच्याच ‘जिंदगी गुलजार है’मधल्या आईला आणि तिच्या मुलींना आपलंसं केलं ते याच कारणाने. वाहिनीने सप्टेंबर 2016 मध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर, तो दरवाजा बंद केला.

‘आईना’च्या रिमेकची गोष्ट वेगळी म्हणून इथे फार लिहिण्याचं कारण नाही. नझरुल इस्लाम यांचा 1977 चा मूळ ‘आईना’ कराचीत चारशे आठवड्यांहून जास्त चालला. त्यावरून आपल्याकडे 1985 मध्ये ‘प्यार झुकता नहीं’ झाला आणि पद्मिनी कोल्हापुरेने तो गाजवला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, म्हणजे बझ्मींच्या वाद्यवृंदातल्या त्याच दोघांचं. ती कथा नवरा-बायको आणि मूल यांची. असं कुटुंब कुठल्याही शहरात, कुठल्याही साली, दोन मिनिटांत ओळखता येतं, म्हणून ती कथा सीमा ओलांडून गेली. दीर आणि वहिनीचं तसं नसतं. ते नातं एकत्र कुटुंबाच्या घरातच उगवतं, आणि ते घरच प्रेक्षकाच्या आयुष्यातून निघून गेलं असेल तर आधी घर बांधायचं, मग नातं.

2013 च्या ‘अंजुमन’पुढे एक संधी मात्र होती आणि ती जुन्या चित्रपटाकडे नव्हती. 1970 च्या वहिनीला घर सोडून जायला जागा नव्हती. ती थांबते, झुरते, नवरा परत येतो. प्रेक्षकाने यावर प्रश्न विचारला नाही. 2013 मधल्या लाहोर किंवा कराचीतल्या तशा घरची बाई शिकलेली असू शकते. तिचं स्वतःचं बँक खातं असू शकतं. ती वकिलाला फोन करू शकते. मग ती का थांबते? थांबावं असं तिला वाटतं का? हा प्रश्न पटकथेत घेतला असता तर सगळा तोलच बदलला असता, कारण दिराचा त्याग हा तिच्या संसारासाठी आहे आणि तो संसार तिला हवाय का, हे तिला कोणी विचारलेलंच नाही.

प्रस्तुत लेखकाला त्या टेलिफिल्ममध्ये जो सीन पाहायला आवडला असता तो असा. नवरा परत आलाय. घरात पुन्हा जेवणं होऊ लागलीत. दिराची बदनामी वहिनीच्या कानावर आली आहे आणि त्यामागचं कारणही तिला कळलंय. रात्री दीर उशिरा येतो. ताट झाकलेलं आहे. तो झाकण काढतो. ती समोर येऊन बसते आणि विचारते, तुला हे करायला सांगितलं कोणी? तो म्हणतो, भाभी, तुमच्यासाठी. ती म्हणते, माझ्यासाठी म्हणजे माझ्या कशासाठी? त्याच्याकडे उत्तर नाही. त्याने ज्या संसारासाठी स्वतःला गहाण टाकलं तो तिने मनातल्या मनात केव्हाच सोडला होता, आणि ती नवऱ्याची नव्हे तर याच्या ताटाची सोय म्हणून या घरात थांबली होती. हे तिला सांगता येत नाही, कारण सांगितलं तर त्याचं आयुष्य फुकट गेलं असं होईल. म्हणून ती भाजी गरम करायला उठते.

बैठकीत यावर कोणी विचारलंच, सीनमध्ये घडतं काय, तर सांगण्यासारखं आहे: वहिनी भाजी गरम करते. त्याच्या आधीचा ‘दीर जेवतो’ हा सीन पहिल्या भागात राहू दिलेला असेल, तरच हा दुसरा सीन लागतो. नाहीतर अभिनेत्रीला ग्लिसरीन द्यावं लागतं.